तुपाची शाई आणि गणपत कृष्णाजी

गुढीपाडवा जवळ आला की बरकतपुऱ्यातल्या आपल्या घरांतून नव्या पंचांगाची आठवण होते. आपले तेलुगू शेजारी त्याच दिवशी उगादी करतात, देवळात पंचांगश्रवणाला जातात आणि आपल्याकडेही आजी-आजोबा चष्मा लावून संक्रांतीचे वाहन कोणते, पाऊस किती, हे पाहतात. पंचांग छापलेले असते यात कोणाला काही नवल वाटत नाही. पण छापलेले पहिले मराठी पंचांग लोकांसमोर आले तेव्हा त्याला हात लावावा की लावू नये, हाच मोठा प्रश्न होता. ते पंचांग शके 1753 चे, म्हणजे 1831 सालचे. छापणारे होते मुंबईचे गणपत कृष्णाजी. मराठी मुद्रणाच्या इतिहासात त्यांचे नाव पहिल्या ओळीत येते. शाळेच्या पुस्तकांत मात्र क्वचितच भेटते. म्हणून या अंकासाठी आम्ही त्यांचे चरित्र निवडले.

गणपत कृष्णाजी हे भंडारी समाजातले. त्या काळी मुंबईत छापण्याची कला होती, पण मराठी छपाई परक्यांच्या हातात होती. गोव्यात पोर्तुगीजांनी 1556 मध्येच छापखाना आणला होता. नाना फडणविसांनी पुण्यात तांब्याच्या पत्र्यावर अक्षरे कोरवून गीता छापण्याचा घाट घातला होता. तो नानांच्या हयातीत पुरा झाला नाही, पुढे 1805 मध्ये मिरजेस पटवर्धनांच्या आश्रयाने ती गीता छापली गेली. मुंबईत अमेरिकन मिशनऱ्यांनी 1817 पासून मराठी पुस्तके छापण्यास आरंभ केला. ती अर्थातच त्यांच्या धर्माची पुस्तके होती. त्यांचे शिळाछापाचे काम गणपत कृष्णाजींच्या पाहण्यात आले आणि हे आपणही करावे, आपल्या लोकांची पुस्तके आपण छापावीत, असे त्यांच्या मनाने घेतले.

मनात येणे सोपे. यंत्र कुठून आणायचे, दगड कुठून, शाई कुठून? गोविंद नारायण माडगावकर यांनी 1863 मध्ये ‘मुंबईचे वर्णन’ हे पुस्तक लिहिले, त्यात या उद्योगाची हकीकत आहे. तीवरून असे दिसते, की गणपत कृष्णाजींनी लाकडाचे दाबयंत्र स्वतःच्या हातांनी तयार केले, दगडाचा एक लहानसा तुकडा मिळवला आणि त्यावर छापून पाहण्यास सुरुवात केली. शाईही त्यांनी स्वतःच केली. आम्हांला या तीन गोष्टींपैकी तिसरी सर्वांत अवघड वाटते. यंत्र डोळ्यांनी पाहून तसेच करता येते. शाई नुसती पाहून करता येत नाही. ती हाताला कळावी लागते.

आपण लिहितो ती शाई पाण्यासारखी असते. छापण्याची शाई तशी नसते, तो एक लगदा असतो. जवसाचे, म्हणजे अळशीचे तेल बराच वेळ कढवून घट्ट करायचे आणि त्यात काजळ घालून ते खलत बसायचे. काजळाचा कण न् कण तेलात भिजला पाहिजे. असा खललेला लगदा मधापेक्षाही घट्ट आणि चिकट होतो. तो रुळावर घ्यायचा, रूळ दगडावर फिरवायचा, दगडावर कागद ठेवून दाबायचा आणि कागद उचलायचा. सांगायला चार क्रिया आहेत. पण प्रत्येक क्रियेत दोन पृष्ठभागांच्या मध्ये हा लगदा सापडतो आणि ते पृष्ठभाग एकमेकांपासून दूर होताना लगद्याला ठरवावे लागते की जावे कुणाकडे.

विद्यार्थी मित्रांनो, हे कोडे घरच्या स्वयंपाकघरातही आहे. आई वडीचे मिश्रण ताटात थापते तेव्हा ताटाला आधी तूप लावते. तूप लावले नाही तर वडी ताटाला धरून बसते आणि उचटण्याने काढताना मधूनच मोडते. तूप लावले की ती अखंड सुटते. असे का? दोन वस्तू चिकटलेल्या असल्या की त्या सुटतात सर्वांत दुबळ्या जागी. वडी ताटाला घट्ट धरून असेल तर ताट आणि वडी यांच्यामधली जागा मजबूत, मग वडीच स्वतः फाटते. मध्ये तुपाचा पातळ थर आला की तीच सर्वांत दुबळी जागा होते आणि सुटणे तिथे घडते. थालीपीठ ओल्या फडक्यावर थापतात त्याचेही कारण तेच. तिथे तुपाचे काम पाणी करते.

आता हेच शाईला लावून पाहा. रूळ आणि दगड यांच्यामध्ये शाईचा थर आहे. शाईने दोन्ही बाजू नीट भिजवल्या असतील तर ती दोघांनाही घट्ट धरते. मग रूळ पुढे सरकतो तेव्हा शाई रुळावरूनही सुटत नाही, दगडावरूनही सुटत नाही. ती स्वतःच्या पोटात फाटते. थोडी इकडे राहते, थोडी तिकडे जाते. फाटताना तिच्या बारीक तारा ओढल्या जातात आणि तुटतात. साखरेचा पाक झाला की नाही हे पाहायला आजी तो अंगठा आणि तर्जनी यांमध्ये धरून बोटे दूर करते व एकतारी की दोनतारी ते सांगते, हे तुम्ही पाहिले असेल. जुने छापखानेवाले शाईची परीक्षा अशीच करत. बोटाने शाईवर टिचकी मारल्यासारखे करायचे, बोट उचलायचे आणि किती ओढ लागते, तार किती लांब निघते, ते पाहायचे. तार फार लांब निघाली तर अक्षराच्या कडा फिसकटतात. ओढ फारच असली तर आणखी एक संकट येते : शाई फाटत नाही, कागदच फाटतो. म्हणजे सबंध कागद नव्हे, त्याच्या अंगावरचे तंतू शाईबरोबर सोलून निघतात आणि दगडावर चिकटून बसतात. दुबळी जागा तिथे कागदाची ठरली. तेव्हा शाई इतकी चिकट हवी की अक्षर धरून ठेवील, आणि इतकी नरम हवी की कागदाला सोडून देईल. या दोहोंच्या मधली जागा फार अरुंद आहे.

थर जितका पातळ, तितकी ही ओढ वाढते. दोन सपाट तबकड्यांमध्ये चिकट द्रव असेल आणि त्या सरळ ओढून अलग करायच्या असतील, तर मध्ये होणारी पोकळी भरायला द्रवाला कडेकडून आत वाहत यावे लागते. फट अरुंद असली की त्याला वाट सापडत नाही. व्हिएन्नाचे शास्त्रज्ञ योझेफ स्टेफान यांनी 1874 मध्ये याचे गणित मांडले. त्याप्रमाणे थराची जाडी निम्मी केली तर त्याच वेगाने तबकड्या अलग करायला आठपट जोर लागतो. वेग दुप्पट केला तर जोरही दुप्पट. छापील शाईचा थर आपल्या केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याहूनही पातळ असतो. म्हणून कागद हिसका देऊन उचलायचा नसतो, एका कोपऱ्यातून हळूहळू सोलत आणायचा असतो. गणपत कृष्णाजी दगडावरून कागद उचलत होते तेव्हा स्टेफान जन्मालाही आले नव्हते (ते 1835 चे). हे सारे गणित त्यांच्या बोटांत होते, असे म्हणायला हरकत नाही.

ज्यांना करून पाहायचे असेल त्यांनी दोन गुळगुळीत प्लॅस्टिकच्या पट्ट्या घ्याव्यात, मध्ये वाटाण्याएवढी टूथपेस्ट ठेवून दाबावे आणि पट्ट्या सरळ वर ओढून अलग कराव्यात. दोन्ही पट्ट्यांवर झाडाच्या फांद्यांसारखी नक्षी उमटलेली दिसेल. हवा कडेने आत शिरताना एका रेषेत शिरत नाही, तिला बोटे फुटतात, त्या बोटांना आणखी बोटे फुटतात. पातळ पदार्थ घट्ट पदार्थाला रेटू लागला की असे होते, याचे विवेचन सॅफमन आणि टेलर यांनी 1958 मध्ये केले. शाईवरही असे व्रण उठतात. फक्त ते इतके बारीक असतात की भिंग लावूनच दिसावेत. पालकांनी टूथपेस्टच्या नासाडीबद्दल आम्हांला क्षमा करावी.

शिळाछापात आणखी एक गंमत आहे, ती दगडाची. ही युक्ती बव्हेरियातल्या आलोइस झेनेफेल्डर यांनी 1798 च्या सुमारास शोधली. त्यासाठी लागणारा दगड हा अतिशय बारीक कणांचा चुनखडीचा दगड असतो. आपल्याकडच्या जुन्या घरांतली शहाबादी फरशी हीही चुनखडीच. तिच्यावर तेल सांडले की डाग किती हट्टाने बसतो हे घरोघरच्या गृहिणींना ठाऊक आहे. तोच हट्ट छपाईच्या कामी आला. दगडावर मेणचट शाईने अक्षर लिहायचे, वर डिंकाचे पाणी व सौम्य आम्ल फिरवायचे, मग ओला बोळा फिरवून दगड भिजवायचा. अक्षरावर चरबट अंश मुरलेला असल्याने तिथे पाणी ठरत नाही. बाकीचा दगड ओला राहतो. आता शाईचा रूळ फिरवला की अक्षरावर शाई बसते. कोऱ्या जागी मात्र रुळावरची शाई पाण्याच्या थराला भेटते आणि थालीपीठ फडक्यावरून सुटावे तशी सुटून रुळाबरोबर निघून जाते. दगड कोरावा लागत नाही, खिळे जुळवावे लागत नाहीत. सुंदर हस्ताक्षर असले की झाले. हैदराबादेत उर्दू छपाईने ही पद्धत दीर्घकाळ जवळ केली ती याच कारणाने. नस्तालीक अक्षरांचे खिळे पाडणे फार जिकिरीचे, त्यापेक्षा कातिबाने सुरेख लिहावे आणि दगडाने ते उचलावे. छत्ता बाजारातल्या लग्नपत्रिकांच्या दुकानांत आज संगणक आहेत, पण आपली पाठ्यपुस्तके ज्या ऑफसेट यंत्रांवर छापतात ती याच तेल-पाण्याच्या भांडणावर चालतात. दगडाच्या जागी ॲल्युमिनियमचा पत्रा आला, इतकेच.

गणपत कृष्णाजींची खरी परीक्षा मात्र दगडावर झाली नाही, ती बाजारात झाली.

पंचांग ही त्या काळी वर्षभर लागणारी वस्तू. जोशीबुवा ते गणित करून हाताने लिहीत, त्याच्या नकला होत आणि पाडव्याला यजमानांच्या घरी वाचन होई. दक्षिणा मिळे. छापलेले पंचांग निघाले म्हणजे एका दगडावरून शेकडो प्रती, सर्व सारख्या, नकलेतल्या चुका नाहीत, आणि किंमतही कमी. गणपत कृष्णाजींनी ज्योतिष्यांच्या गणिताला हात लावला नाही. जाणत्यांकडून पंचांग तयार करून घेतले आणि छापले फक्त आपण. तरी सनातनी मंडळींनी छापील कागदाला शिवायचे नाकारले. कारण शाई. दगडावर लिहिण्याच्या शाईत जनावराची चरबी पडते आणि छापण्याचा रूळ चामड्याने मढवलेला असतो, ही गोष्ट लपण्यासारखी नव्हती. चरबीचा स्पर्श झालेला कागद देवघरात कसा न्यायचा? आज कोणी या आक्षेपाला हसेल. आम्हांला हसावेसे वाटत नाही. सव्वीस वर्षांनी, 1857 मध्ये, काडतुसांना चरबी फासली आहे या संशयाने सबंध पलटणी उठल्या. आपण तोंडाला किंवा देवाला काय लावतो याची माणसाला काळजी असते आणि त्या काळजीला उत्तर द्यावे लागते. नुसते रागावून भागत नाही. शिवाय जोश्यांच्या उत्पन्नाला धक्का लागत होता, हाही भाग होताच. तो कोणी मोठ्याने बोलत नसे.

गणपत कृष्णाजींनी वाद घातला नाही. त्यांनी शाई बदलली. चरबी काढून तिच्या जागी तूप घातले, असे मराठी मुद्रणाच्या इतिहासात सांगतात. निरांजनात चालते ते तूप शाईत आले म्हणजे पोथीला बाधा येण्याचे कारण उरले नाही.

ऐकायला हे फार सोपे वाटते, म्हणून पुन्हा थोडे थांबतो. जवसाचे तेल आणि तूप यांचा स्वभाव एक नाही. जवसाचे तेल हवेतला प्राणवायू शोषून हळूहळू घट्ट होत जाते आणि शेवटी त्याची पापुद्र्यासारखी कोरडी साय धरते. म्हणून छापलेले अक्षर वाळल्यावर बोटाला लागत नाही. तूप वर्षभर ठेवले तरी असे वाळत नाही. ते शाईची ओढ कमी करते, तार आखूड करते, कागद सहज सुटतो, हा फायदा. पण हात जरा सैल पडला आणि तूप जास्त झाले, की अक्षर ओलसर राहते, समोरच्या पानावर उमटते, कागदाच्या पाठीवर तेलकट छाया धरते. त्यातून मुंबईची हवा. वैशाखात तूप पातळ, पौषात थिजलेले. सकाळी जमलेली शाई दुपारी पळू लागायची. चरबीच्या जागी तूप म्हणजे एका डब्याच्या जागी दुसरा डबा नव्हे. प्रमाण, कढवणे, काजळ, खलणे, सगळे नव्याने बसवावे लागते. ते सांगणारे पुस्तक मराठीत नव्हते आणि विचारावे असा देशी गुरूही नव्हता. जिथे चूक झाली की कागद वाया जातो आणि कागदाला पैसे पडतात, अशा धंद्यात स्वतःच्या खर्चाने त्यांनी हे केले. पंचांग तर पाडव्याच्या आत निघायला हवे. पाडवा उलटल्यावर ते घेतो कोण?

पंचांग खपले. एका दिवसात लोकांचे मन बदलले असे मात्र नाही. छापलेल्या कागदाला न शिवणारे आणि छापील पुस्तक न वाचणारे लोक 1863 मध्येही होते, ही गोष्ट माडगावकरांनी नोंदवून ठेवली आहे. म्हणजे तीस वर्षे उलटली तरी काही घरांची दारे बंदच होती. पण बाकीची उघडली होती. पंचांगापाठोपाठ 6 जानेवारी 1832 रोजी बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ सुरू झाले आणि मराठी माणसाच्या हातात छापील कागद नियमाने येऊ लागला.

गणपत कृष्णाजी शिळाछापावर थांबले नाहीत. दगडाला एक मर्यादा असते. जाड ग्रंथाचे प्रत्येक पान सुंदर अक्षरात लिहून काढायचे म्हणजे वेळ फार. 1843 च्या सुमारास त्यांनी खिळ्यांचा छापखाना काढला. त्यासाठी अक्षरांचे साचे करवून खिळे ओतवले. देवनागरीत हे काम किती किचकट, ते आपली बाराखडी आणि जोडाक्षरे मोजून पाहा म्हणजे कळेल. इंग्रजीला सव्वीस अक्षरांची दोन रूपे पुरतात. आपल्याला काना, मात्रा, वेलांटी, रफार धरून कित्येक शेकडा खिळे लागतात. शाईसुद्धा पुन्हा बदलली, कारण खिळ्याचे अक्षर उठावाचे असते आणि त्याला दगडाच्या शाईपेक्षा जरा नरम शाई मानवते. घट्ट शाई खिळ्याच्या पोकळ्यांत भरून बसते आणि मग ‘घ’ कुठला आणि ‘ध’ कुठला हे ओळखू येत नाही. त्यांच्या छपाईची स्वच्छता त्या काळी नावाजली गेली आणि पुढच्या छापखान्यांना मापाला धरायला एक देशी नमुना मिळाला. जावजी दादाजी यांनी 1869 मध्ये निर्णयसागर छापखाना काढला, तो ज्या वाटेने गेला ती वाट आधी यांनी मळवलेली होती.

गणपत कृष्णाजी 1860 मध्ये वारले. छापखाना त्यांच्या नावानेच पुढे चालला. त्यांच्या मृत्यूनंतर, 1862 आणि 1863 मध्ये, त्या छापखान्यातून एक प्रचंड ग्रंथ बाहेर पडला : नीलकंठांच्या टीकेसह संपूर्ण महाभारत. तो आडव्या, सुट्ट्या पानांच्या पोथीच्या आकारात छापला होता, हाताने लिहिलेली पोथी पाटावर ठेवून वाचावी तसा वाचता येईल असा. जगभरचे संस्कृतचे अभ्यासक ज्याला महाभारताची मुंबई आवृत्ती म्हणून ओळखतात ती हीच, आणि अभ्यासकांच्या टीपांत त्या आवृत्तीसोबत गणपत कृष्णाजी हे नाव आजही छापले जाते.